खेळाडू तोच, संघ नवा: गेरिट कोलच्या वेगवान चेंडूचं भौतिकशास्त्र

१३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने गेरिट कोल हा आपला पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या संघाला दिला आणि बदल्यात चार खेळाडू घेतले. २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, कोलची निवड सगळ्यांत आधी झाली होती, पण पिट्सबर्गमधला त्याचा शेवटचा हंगाम बेताचाच गेला. २०१७ मध्ये त्याने २०३ डावांत १९६ बॅटर स्ट्राइकआउट केले (तीन स्ट्राइकवर बाद केले) आणि नऊ डावांमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी ४.२६ धावा दिल्या. ह्यूस्टनला गेल्यावर पहिल्याच वर्षी, साधारण तेवढ्याच डावांत, स्ट्राइकआउट २७६ झाले आणि धावा २.८८ वर आल्या. २०१९ मध्ये तर स्ट्राइकआउट ३२६ वर पोहोचले. चेंडूचा वेग मात्र आधीही ताशी १५५ किलोमीटरच्या आसपास होता आणि नंतरही साधारण तेवढाच राहिला.

मग बदललं काय? मुख्यतः, कोणता चेंडू किती वेळा टाकायचा, हे.

पिट्सबर्गचा भर सिंकरवर होता. हा चेंडू बॅटरजवळ येताना खाली बसतो, फटका जमिनीलगत जातो आणि नेमके तिथे उभे केलेले क्षेत्ररक्षक तो अडवतात. काही वर्षं हे धोरण उत्तम चाललं. पण दरम्यान बॅटर शिकले. खालच्या चेंडूला खालून वर उचलून मारायची पद्धत लीगभर पसरली आणि सिंकर या फटक्याच्या वाटेत आयताच येऊ लागला. ह्यूस्टनने कोलला सिंकर जवळजवळ सोडायला लावला. त्याऐवजी फोर-सीम हा सरळ जाणारा वेगवान चेंडू स्ट्राइकच्या पट्ट्यात, म्हणजे बॅटरने खेळावा अशा वैध जागेत, वरच्या बाजूला टाकायचा आणि जोडीला वळणारे चेंडू वाढवायचे, असं ठरलं.

वरचा फोर-सीम इतका अवघड का असतो? तो हातातून सुटताना उलटा फिरत असतो. फिरणाऱ्या चेंडूमुळे आजूबाजूची हवा खाली ढकलली जाते आणि तिच्या प्रतिक्रियेने चेंडूवर वरच्या दिशेने बल लागतं. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख माग्नुस यांनी १८५० च्या दशकात या परिणामाचा अभ्यास केला. क्रिकेटमधला फिरकी गोलंदाजाचा ड्रिफ्ट याच परिणामामुळे होतो. पिचरपासून बॅटरपर्यंत चेंडू साधारण ०.४ सेकंदात पोहोचतो. निव्वळ गुरुत्वाकर्षण असतं, तर तेवढ्या वेळात तो पाऊण मीटरहून थोडा जास्त खाली आला असता. चांगली उलटी फिरकी यातली जवळपास निम्मी घसरण वाचवते. चेंडू खरोखर वर चढत नाही, फक्त अपेक्षेपेक्षा कमी पडतो. पण बॅटरला निर्णय चेंडू अर्ध्या वाटेत असतानाच घ्यावा लागतो. पुढचा मार्ग त्याचा मेंदू अनुभवावरून ठरवतो आणि बॅट चेंडूच्या खालून निघून जाते. बॅटची जाडी जास्तीत जास्त ६.६ सेंटिमीटर असते. चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडला तरी फटका बिघडायला तेवढं पुरतं.

हे सगळं मोजता आलं, म्हणून ही अदलाबदल मला इतकी महत्त्वाची वाटते. २०१५ पासून मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या प्रत्येक मैदानावर स्टॅटकास्ट यंत्रणा आहे. ती प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि मार्ग टिपते. धावांच्या सरासरीत खेळाडूसोबत त्याच्या संघाचं क्षेत्ररक्षण, मैदान आणि नशीबही मिसळलेलं असतं. चेंडूची फिरकी मात्र बव्हंशी पिचरची स्वतःची असते. त्यामुळे ४.२६ हा आकडा पाहून जो पिचर सामान्य वाटतो, त्याच्या हातात प्रत्यक्षात काय आहे, हे वेगळं काढून पाहता येतं.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. कोलच्या फोर-सीमची फिरकीही या काळात वाढली: २०१७ मध्ये मिनिटाला सुमारे २,१६० फेरे, तर २०१९ मध्ये २,५०० च्या वर. चेंडूवर चिकट पदार्थ लावण्याविरुद्ध लीगने जून २०२१ मध्ये कडक तपासणी सुरू केली, तेव्हा अनेक पिचरांची फिरकी घटली, कोलचीही घटली. म्हणून सगळं श्रेय नव्या डावपेचांना देता येणार नाही. पण तपासणी सुरू झाल्यानंतरच्या काळात, २०२३ मध्ये, न्यूयॉर्क यँकीजकडून खेळताना त्याने अमेरिकन लीगमधल्या (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळवला. म्हणजे सगळं श्रेय चिकट पदार्थांनाही जात नाही.

कोलच्या बदल्यात पिट्सबर्गला मिळालेल्या चौघांत जो मस्ग्रोव्ह हा पिचर होता. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी त्यालाही सॅन डिएगो पाद्रेसना देऊन टाकलं. त्याच वर्षी ९ एप्रिलला त्याने पाद्रेसच्या इतिहासातला पहिला नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट मिळू दिला नाही.