तेच पाणी, कधी सुख तर कधी वेदना

सुखवाद म्हटलं की खा, प्या, मजा करा एवढंच आठवतं. तत्त्वज्ञानातली व्याख्या मात्र काटेकोर आहे. सुख तेवढं मुळात चांगलं, दुःख तेवढं मुळात वाईट. पैसा, कीर्ती, ज्ञान यांना मोल येतं ते त्यांच्यापासून सुख मिळतं म्हणून. ग्रीक विचारवंत एपिक्युरस तर म्हणे, वेदना पुरती गेली की सुखाची कमाल गाठली. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमनं 1789 मध्ये सुखदुःखांची चक्क बेरीज-वजाबाकी मांडली.

हिशेब मांडायचा तर कशात किती सुख आहे हे आधी ठरलेलं हवं. तिथेच अडतं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी 1971 मध्ये मांडलेलं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. माणसाला टबात बसवून त्याच्या शरीराचं तापमान वाढवलं आणि मग हात गार पाण्यात घालायला सांगितलं, तर ते पाणी हवंहवंसं वाटतं. अंग गारठलेलं असताना त्याच पाण्यात हात घातला की नकोसं होतं, कधी दुखतंसुद्धा. पाण्यात काहीच बदललेलं नसतं. शरीराचा समतोल ज्यानं सावरतो ते सुखद लागतं, ज्यानं आणखी ढळतो ते क्लेशदायक.

मेंदूतही सुख आणि वेदना यांचा शेजार आहे. वेदना दाबणारी अफूसारखी रसायनं मेंदू स्वतःच तयार करतो आणि गोड चवीचा आनंद देण्यातही त्यांचाच हात असतो. आणखी मोठी वेदना टळली हे कळलं, तर मध्यम वेदनाही लोकांना चक्क सुखद वाटते, असं प्रयोगांत दिसलं आहे.

सुखवादाला खरा धक्का बसतो तो मात्र उंदरांकडून. 1954 मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांच्या प्रयोगात, मेंदूत विजेचा सौम्य झटका मिळावा म्हणून उंदीर तासाला शेकडो वेळा कळ दाबत राहिले. सुखाचं केंद्र सापडलं, असं तेव्हा वाटलं. पुढे मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळजवळ संपलेले उंदीर तपासले. ते आपणहून अन्नाला तोंडही लावत नव्हते, पण साखरेचं पाणी तोंडात सोडलं की नेहमीसारखेच जिभल्या चाटत होते. म्हणजे ओढ वेगळी आणि आवड वेगळी. आपण मात्र ज्याच्यामागे धावतो त्यातच सुख आहे असं धरून चालतो. व्यसनात ही फारकत अगदी उघडी पडते: पदार्थाची ओढ वाढत जाते, त्यातून मिळणारा आनंद मात्र वाढत नाही, उलट अनेकदा आटतो.