शिटाके घरी नेण्याआधी

नमस्कार. आमच्या पाकिटात सुकवलेली शिटाके अळंबी आहे. नौपाड्यातल्या आमच्या छोट्या दुकानात दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी हळू आवाजात विचारतं, "हे कॅन्सरवर चालतं ना?" घरात आजारी माणूस असतो, म्हणून आवाज हळू असतो. त्यांच्यासाठी आधी हेच लिहितो.

या बोलण्याला मूळ आहे. शिटाकेत बीटा-ग्लुकन जातीचा (हा एक तंतुमय पदार्थांचा प्रकार) लेंटिनन नावाचा घटक असतो. जपानी शास्त्रज्ञांनी १९६९ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि १९८५ मध्ये जपानात जठराच्या कर्करोगावर, केमोथेरपीच्या जोडीला, त्याला मान्यता मिळाली. पण ते होतं शुद्ध करून शिरेतून द्यायचं इंजेक्शन. भाजीत पडलेली अळंबी म्हणजे ते औषध नव्हे. उपचार चालू असतील तर ते तसेच चालू ठेवा आणि शिटाके जेवणात घ्यायची की नाही, ते डॉक्टरांना विचारा. कोलेस्टेरॉलचंही तसंच. शिटाकेतल्या एरिटाडेनिन नावाच्या घटकामुळे ते उतरतं असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, तेवढ्यावर गोळी बंद करू नये.

मग घ्यायची कशाला? तंतुमय पदार्थ, तांबं आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं मिळतात म्हणून, तेल-मीठ कमी घालूनही रश्शाला अंग येतं म्हणून, आणि 'ड' जीवनसत्त्वासाठी. अळंबीत एर्गोस्टेरॉल असतं, उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचं ड-२ होतं. शाकाहारी जेवणात 'ड' देणारे पदार्थ फारच थोडे, त्यामुळे आम्हाला हा गुण सगळ्यांत मोलाचा वाटतो. शिजवायच्या आदल्या दिवशी अळंबी ताटात उलटी मांडा, टोपीखालची पातळ पडद्यांची बाजू आभाळाकडे, आणि दुपारचे दोन-तीन तास गच्चीवर ठेवा. गॅलरीला सरकत्या काचा असतील तर त्या उघडा, काचेआडच्या उन्हाचा इथे उपयोग नाही.

रात्री चार-पाच अळंब्या धुऊन वाटीभर गार पाण्यात भिजत घाला आणि वाटी फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालेलं दिसेल. ते ओतून देऊ नका, सगळी चव त्यात उतरलेली असते. गाळून घ्या, तळाशी बारीक कचरा राहतो. देठ चिवट असतात, ते त्याच पाण्यात उकळून काढून टाका. टोप्या चिरून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात परता, चमचाभर आगरी मसाला घाला आणि ते पाणी ओतून झाकण ठेवून वीस मिनिटं चांगलं शिजू द्या.

'चांगलं शिजू द्या' हे उगाच लिहिलेलं नाही. माझ्या मेहुण्याने एकदा कोशिंबिरीत अर्धीकच्ची शिटाके खाल्ली. दोन दिवसांनी पाठीवर चाबकाने ओढल्यासारखे लाल, खाजरे वळ उठले. हा त्रास जपानी डॉक्टरांनी १९७७ मध्येच नोंदवला आहे, तो बहुतेकदा कच्च्या किंवा अर्ध्याकच्च्या शिटाकेने होतो. साधारण आठ-दहा दिवसांत वळ मावळतात, तरी डॉक्टरांना दाखवा. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी आणि अळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

"ही शाकाहारी का?" अळंबी ही बुरशी, ना वनस्पती ना प्राणी. तरीही जैन कुटुंबांत आणि चातुर्मास पाळणाऱ्या बऱ्याच घरांत ती चालत नाही. तुमच्याकडे असा नेम असेल तर आम्ही आग्रह करणार नाही.

ठाण्याच्या पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं तर माल दोन दिवसांत मऊ पडतो. घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरून ठेवा. अळंबी कडक असावी, मोडताना कट्ट आवाज यावा. बुरा चढलेला दिसला किंवा कुबट वास आला तर फेकून द्या. नवीन पाकीट फोडल्यावरच तसं आढळलं तर मात्र फेकू नका, दुकानात घेऊन या. आम्ही बदलून देतो.