बांडगूळ कोणतं आणि आमरी कोणती?

पावसाळ्याच्या आधी झाडं छाटायला माणूस आला की पुण्यातल्या सोसायट्यांमधून एक सूचना हमखास जाते: 'ती बांडगुळं तेवढी काढा.' शहरातल्या आंब्यावर बहुतेकदा बांडगूळच असतं, त्यामुळे खपून जातं. पण मुळशी-ताम्हिणीकडे शेतघर असेल, तर त्याच कोयत्याखाली आमरी, म्हणजे ऑर्किडही जाते. फांदीवर वाढतं ते सगळं झाडाचं रक्त पितं, हा समज काही जात नाही.

पानं बघू नका, सांधा बघा. बांडगूळ जिथे फांदीला जोडलेलं असतं तिथे गाठ आलेली दिसते. त्याची शोषक मुळं सालीतून थेट लाकडात घुसलेली असतात. पानं हिरवी असल्याने अन्न ते स्वतः बनवतं, पण पाणी आणि क्षार आंब्याचे. म्हणून गाठीच्या पुढची फांदी हळूहळू वाळते आणि बांडगूळ मात्र टवटवीत.

आमरीची मुळं जाड, पांढुरकी; सालीला वरून चिकटलेली, काही नुसतीच हवेत लोंबणारी. त्यांवर पाणी शिंपडा, बघता बघता हिरवट होतात. बाहेरचं आवरण स्पंजासारखं पाणी टिपतं आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. झाडाकडून तिला फक्त जागा हवी असते. दुसऱ्याला न लुबाडता त्याच्या आधाराने राहण्याच्या या नात्याला सहभोजिता म्हणतात, बांडगुळाची ती परजीविता.

एवढ्यावर एकाला चोर नि दुसरीला साधू ठरवू नये. आमरीचं बी धुळीसारखं बारीक, त्यात शिदोरीच नसते. रुजताना ती बुरशीकडून अन्न घेते आणि सुरुवातीला बदल्यात काही देत नाही. उलट बांडगुळाचा फुलटोच्याशी व्यवहार अगदी चोख. चिमणीहून लहान असलेला हा पक्षी त्याची फळं खातो. बी इतकं चिकट, की विष्ठेतून बाहेर पडतानाही सुटत नाही. पक्ष्याला बूड फांदीवर घासावं लागतं. बी नेमकं हवं तिथे चिकटतं. म्हणजे परजीवी की परोपकारी, हे कुणाशी नातं आहे ते विचारल्याशिवाय ठरत नाही.

बांडगूळ काढायचंच तर नुसतं ओरबाडू नका, लाकडात राहिलेल्या मुळातून ते पुन्हा फुटतं. गाठीच्या बरंच खालून फांदीच कापा. आंबा धडधाकट असेल तर एखादं राहिलं तरी बिघडत नाही, फुलटोच्यालाही खायला हवं.