जोन ऑफ आर्कच्या 'अस्थीं'चा खुलासा

पंधराव्या शतकात इंग्रजांविरुद्ध फ्रेंच सैन्यासोबत लढलेल्या संत जोन ऑफ आर्कच्या अस्थी फ्रान्समध्ये जपून ठेवल्या आहेत, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं काही नाही.

30 मे 1431 रोजी रूआँ शहरात तिला जिवंत जाळलं आणि राख सीन नदीत टाकली, ती भक्तांच्या हाती काही लागू नये म्हणूनच. मग 1867 मध्ये पॅरिसमधल्या एका औषधविक्रेत्याच्या माळ्यावर बरणी सापडली. चिठ्ठीवर लिहिलेलं: जोनच्या चितेखाली मिळालेले अवशेष. आत एक काळवंडलेली बरगडी, कापडाचा तुकडा आणि चक्क मांजराच्या मांडीचं हाड! चेटकिणीसोबत मांजर जाळत, असं त्यावर स्पष्टीकरणही तयार होतं. पण तिच्यावरचा अंतिम ठपका चेटकाचा नव्हता, पुन्हा पाखंडाकडे, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्धच्या मतांकडे, वळल्याचा होता.

2007 मध्ये फ्रेंच न्यायवैद्यक तज्ज्ञ फिलिप शार्लिए यांच्या पथकाने निकाल लावला. हाडं जळलेलीच नव्हती. काळा थर ममीला लावायच्या लेपाचा होता. अत्तरतज्ज्ञांनाही हुंगायला बोलावलं, त्यांना व्हॅनिलाचा वास आला. तो देह कुजताना येतो, जळताना नाही. बरगडी ख्रिस्तपूर्व काळातल्या इजिप्शियन ममीची निघाली. जुने औषधविक्रेते ममीची पूड औषध म्हणून विकत, त्यामुळे माल कुठून आला असेल याचा अंदाज बांधता येतो.

1920 मध्ये जोनला संतपद मिळालं, त्याचा या बरणीशी संबंध नाही.