लाट पाणी आणत नाही, एनर्जी आणते

लाटेबरोबर समुद्राचं पाणीच दुरून वाहत किनाऱ्याला येतं असं अजूनही कितीतरी जण ठामपणे सांगतात, पण ते चूक आहे. खोल पाण्यात तरंगणारं बूच नीट बघा, लाट आली की ते वर जातं, थोडं पुढे सरकतं, मग खाली येत मागे जातं, म्हणजे गोल फिरून जवळपास होतं तिथंच. पाण्याचंही तेच, फक्त जसजसं खाली जाल तसतसा हा गोल लहान होत जातो आणि लाटेच्या लांबीच्या (म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतच्या अंतराच्या) साधारण निम्म्या खोलीवर हालचाल जवळजवळ संपतेच. पुढे जाते ती एनर्जी! आणि लाटेची उंची दुप्पट झाली की एनर्जी दुप्पट नाही, चौपट होते, म्हणून मोठ्या लाटेला हलक्यात घेऊ नका. हां, पाणी किंचित पुढे सरकतं हे खरंय, त्याला स्टोक्स ड्रिफ्ट म्हणतात, पण लाटेच्या स्पीडपुढे ते फारच कमी. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात मात्र लाट फुटते आणि तिथे पाणी खरंच पुढे धावतं, गैरसमज बहुतेक तिथूनच आला असावा. आवाजाचंही असंच, हवेत तो सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पण बोलणाऱ्याच्या तोंडातली हवा काही त्या स्पीडने तुमच्या कानावर येऊन आदळत नाही.