कोणतं टेबल कोणाचं सोयरं?

मध्यंतरी एका पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं काम माझ्याकडे आलं. ज्याने ते बनवलं तो कधीच दुकान बंद करून गेलेला, कागदपत्रं काहीच नाहीत, आणि आत दीडशेच्या आसपास टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते. नावं तर अशी की एम01, टीआर2, टीआर2जुना, टीआर2नवा. सर्व्हरला विचारलं की बाबा तुझ्यात फॉरेन की किती आहेत, तर एकही नाही.

फॉरेन की म्हणजे काय ते आधी सांगतो. कर्जाच्या टेबलात सभासदाचं नाव-पत्ता परत लिहीत नाहीत, नुसता सभासद नंबर टाकतात, आणि हा नंबर सभासदांच्या टेबलात असलाच पाहिजे अशी डेटाबेसला देऊन ठेवलेली ताकीद म्हणजे फॉरेन की. 1970 साली आयबीएममधल्या एडगर कॉडने रिलेशनल मॉडेल मांडलं तेव्हापासूनच ही कल्पना आहे. पण मेख अशी की टेबलं एकमेकांना कुठल्या तारेने बांधलेली नसतात, इकडे 412 आणि तिकडे पण 412, एवढंच काय ते नातं, त्यामुळे ताकीद दिली नाही तरी सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं मजेत चालतं. वर मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरने अजून घोळ घातलेला, 2010 च्या 5.5 आवृत्तीच्या आधी त्यात डेटा साठवायला मायआयसॅम नावाचं इंजिन आपोआप लागायचं आणि ते फॉरेन कीची ओळ निमूट वाचायचं, एररसुद्धा द्यायचं नाही, आणि सरळ विसरून जायचं!

मग नाती शोधायची कशी? पहिला विचार सोपा आहे. एका कॉलममधल्या सगळ्या व्हॅल्यू दुसऱ्या कॉलममध्ये सापडल्या तर तिथे नातं असू शकतं, आणि एक जरी सापडली नाही तर सहसा नाही. करून बघायचं असेल तर मायएसक्यूएलचा सकिला नावाचा सरावाचा डेटाबेस घ्या, डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या दुकानाचा आहे, त्यातल्या फॉरेन की उडवा आणि शोधायला बसा. रेंटल टेबलातला कस्टमर_आयडी 1 ते 599. कस्टमर टेबलात 599 गिऱ्हाइकं, म्हणजे बरोब्बर बसतो. पण सिटी टेबलात 600 शहरं आहेत, तिथेही बसतो. फिल्म टेबलात 1000 सिनेमे, तिथेही बसतो! आयडी सगळीकडे 1, 2, 3 असेच वाढत जाणारे, त्यामुळे छोटं टेबल कुठल्याही मोठ्या टेबलाच्या पोटात आरामात मावतं. किती टक्के व्हॅल्यू वापरात आल्यात ते बघावं तर सिनेमांचं टेबल गळतं, 1000 पैकी 599 च, पण शहरांचं 600 पैकी 599 भरतंच की. आकड्यांवरून गिऱ्हाईक आणि शहर वेगळं करताच येत नाही, शेवटी कॉलमचं नाव बघावं लागतं. दुकानं दोन आणि नोकरही दोन, दोन्हीचे आयडी 1 आणि 2, तिथे तर डेटा कायमचा मुका. आणि फिल्ममध्ये मूळ भाषेचा एक कॉलम आहे तो अख्खा रिकामा, त्याचं नातं डेटातून काय कप्पाळ कळणार.

बरं, सगळ्या जोड्या तपासायच्या म्हटलं तरी हिशेब बघा. 100 टेबलं, प्रत्येकात 10 कॉलम, म्हणजे 1000 कॉलम आणि 9,99,000 जोड्या, आणि प्रत्येक जोडीला एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एक प्रश्न, लावली तर सर्व्हर गार पडेल. म्हणून आधी स्वस्तातली चाळणी लावतात, डेटाटाइप (आकडा, अक्षरं की तारीख) जुळतो का, इकडची सगळ्यात मोठी व्हॅल्यू तिकडच्या सगळ्यात मोठीपेक्षा मोठी तर नाही ना, यातच बराच गाळ निघून जातो. उरलेल्यांसाठी जर्मनीतल्या संशोधकांनी 2006-07 च्या सुमारास स्पायडर नावाची झकास पद्धत काढली, सगळ्या कॉलमच्या याद्या क्रमाने लावून शेजारी शेजारी ठेवायच्या आणि वरून एकदमच वाचत खाली यायचं. आत्ता हातात 412 आहे तर तो कुणाकुणाकडे आहे ते बघायचं, ज्याच्याकडे तो आहे त्या कॉलमच्या संभाव्य सोयऱ्यांतून 412 नसलेले सगळे तिथेच कटाप. प्रत्येक यादी एकदाच वाचली जाते, हे त्यातलं खरं सुख.

मी मात्र पतसंस्थेत याहून गावठी उपाय जास्त वापरला. टेस्ट कॉपीवर जुनं सॉफ्टवेअर चालू करून पिग्मीची एकच पावती फाडायची, मग कुठल्या टेबलात ओळी वाढल्या ते बघायचं. एका पावतीने चार टेबलं हलली आणि चौघांत एकच नंबर, म्हणजे ती चौघं एका घरातली. क्वेरी लॉग, म्हणजे सगळ्या क्वेरींची नोंदवही, चालू ठेवला तर सॉफ्टवेअर कुठली टेबलं एकमेकांना जोडून वाचतं, म्हणजे जॉइन, ते आयते मिळतात ते वेगळंच.

तरी एका कॉलमने दोन दिवस खाल्ले. कर्जाच्या टेबलात जामीनदाराचा नंबर होता, बहुतेक सगळे सभासदांशी जुळत होते, फक्त मधेच ढीगभर ओळींत 9999, आणि त्या नंबरचा सभासदच नाही. मला वाटलं डेटा खराब आहे, काढून टाकावं. सहज म्हणून तिथल्या जुन्या कॅशियर काकूंना विचारलं तर त्या पावत्या मोजता मोजता म्हणाल्या, "अहो ते सोनेतारण, त्याला जामीनदार कशाला लागतोय."