कुटुंबासह स्कूबा डायव्हिंग: जिवंत प्रवाळाची जागा कशी निवडावी

आमच्या धरमपेठेतल्या कार्यालयात येणारी बहुतेक कुटुंबं ठिकाणाचं नाव ठरवूनच येतात. कुणी अंदमान म्हणतं, कुणी मालदीव, कुणी बाली. आमची विनंती असते की नाव थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी दोन गोष्टी सांगा: सुट्टी कोणत्या महिन्यात आहे आणि घरातलं सर्वांत लहान मूल किती वर्षांचं आहे. नागपूरहून कुठलाही समुद्र गाठायचा म्हणजे दोन-तीन टप्प्यांचा प्रवास आणि मोठा खर्च. एवढं करून पाण्याखाली पांढरे पडलेले किंवा शेवाळलेले सांगाडे दिसले, तर मुलांचा हिरमोड होतो. तो टाळता यावा म्हणून हे पत्रक.

महिना आधी का?

प्रवाळ हा दगड वाटतो, पण ती पॉलिप नावाच्या इवल्या प्राण्यांची वसाहत असते. या प्राण्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. प्रवाळाचं बरंचसं अन्न आणि त्याचा रंग या शैवालामुळे असतो. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या वर साधारण एक अंश गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेवर थंड झालं तर ते सावरतं, नाही झालं तर उपाशी मरतं आणि त्यावर शेवाळ चढतं.

भारतात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये याचा मोठा फटका बसला. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर पसरलेलं चौथं ब्लीचिंग जाहीर केलं. त्या उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या प्रवाळांचं फार नुकसान झालं. आपल्या भागातल्या समुद्रांत हा ताण बहुतेक एप्रिल-मेमध्ये असतो, आणि विदर्भातल्या शाळांना मोठी सुट्टी नेमकी तेव्हाच. त्यातच मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मान्सून अंदमानात पोहोचतो. म्हणून मेमध्ये अंदमानची डायव्हिंग सहल आम्ही आपणहून सुचवत नाही. पाणी सर्वांत छान असतं जानेवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, पण दहावी-बारावीच्या घरांना तो काळ जमत नाही. मग नाताळची सुट्टी बरी. दिवाळीतही जाता येतं, मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचाही काळ असतो आणि फेरी बोटी रद्द होतात. अशा वेळी एक मोकळा दिवस हातात ठेवाच.

आपल्या आवाक्यातली ठिकाणं

मालवण-तारकर्ली हे नागपूरकरांसाठी सर्वांत सोपं. कुडाळला उतरलं की मालवण तासाभरावर. १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात खडकांवर प्रवाळाचे तुरळक पट्टे आणि भरपूर मासे आहेत. पाणी उथळ, त्यामुळे पहिल्यांदा मास्क लावणाऱ्यासाठी जागा चांगली आहे. पण दूरवर पसरलेली प्रवाळभित्ती डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका, आणि पाणीही अंदमानइतकं नितळ नसतं. पावसाळ्यात सगळं बंद असतं. नाताळात गर्दी एवढी होते की एकेका बोटीवर घाईघाईने उरकलं जातं. आठवड्याचा मधला दिवस निवडा आणि सकाळची पहिली बोट घ्या.

कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट मोठ्या मुलांसाठी. बोटीचा प्रवास लांबचा आहे, कधी प्रवाहही जोरदार असतो.

अंदमानवर आम्ही जास्त वेळ घालवतो, कारण चार पिढ्यांना एकत्र काहीतरी पाहता येईल अशी जागा तिथे आहे. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजय पुरम, तिथून फेरीने स्वराज द्वीप (पूर्वीचं हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (पूर्वीचं नील) गाठायचं. आईवडील आणि मोठी मुलं स्वराज द्वीपला डायव्ह करतील. लहानांसाठी काही ठिकाणी किनाऱ्यालगत उथळ स्नॉर्केलिंग आहे, म्हणजे पाण्यावर तरंगत, नळीने श्वास घेत खाली पाहणं. पाण्यात उतरायचंच नाही अशा आजी-आजोबांसाठी काचेच्या तळाची बोट. शहीद द्वीपवर ओहोटीच्या वेळी नैसर्गिक दगडी कमानीजवळच्या डबक्यांत प्रवाळ आणि समुद्री काकडी नावाचे प्राणी वाटाड्यासोबत उभ्या उभ्या पाहता येतात. तिथे ओहोटीची वेळ साधावी लागते, म्हणून तारीख पक्की करण्याआधी आम्ही भरती-ओहोटीचं कोष्टक पाहतो. त्या जागी पाय कुठे ठेवायचा हे वाटाड्यालाच विचारा, कारण प्रवाळ पायाखालीच असतं.

लक्षद्वीपची निळी खारकच्छं, म्हणजे प्रवाळभित्तीच्या आतलं उथळ, शांत पाणी, लहान मुलांसाठी फार सुरेख आहेत. प्रवेशाचा परवाना लागतो, कोचीहून विमान किंवा जहाज आहे, राहायच्या जागा मोजक्या आहेत. तिथल्या प्रवाळांना २०२४ मध्ये मोठा फटका बसला आहे. जायचं असेल तर नेमक्या बेटाची ताजी स्थिती विचारून मगच जा.

आणि सुट्टी मे-जूनमध्येच असेल तर? आपल्याकडे पावसाळा लागतो तेव्हा श्रीलंकेचा पूर्व किनारा शांत असतो. त्रिंकोमलीजवळचं पिजन आयलंड राष्ट्रीय उद्यान मे ते सप्टेंबरमध्ये चांगलं, बोटीने बेटावर गेलं की तिथल्या किनाऱ्यापासूनच पोहत प्रवाळ दिसतं. दुसरा पर्याय बालीचा ईशान्य किनारा, आमेद आणि तुलांबेन. तुलांबेनला १९४२ मध्ये पाणतीराने जायबंदी झालेलं लिबर्टी हे अमेरिकी जहाज किनाऱ्यावर पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते समुद्रात घसरलं, आणि आता त्यावर प्रवाळ आणि माशांचं अख्खं गाव वसलं आहे. जहाजाचा वरचा भाग उथळ पाण्यातच आहे, म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही तो प्रशिक्षकासोबत दिसतो.

मुलांचं वय आणि घरच्यांची तब्येत

पाडी या डायव्हिंगचं प्रशिक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार आठ वर्षांचं मूल दोन मीटरपर्यंतचा बबलमेकर (लहानांसाठीचा पहिला स्कूबा) अनुभव घेऊ शकतं. खरा डायव्ह दहाव्या वर्षापासून, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी मर्यादा १२ मीटर. चांगलं प्रवाळ बघायला याहून खोल जायची गरजही नसते. प्रवाळाला ऊन लागतं, त्यामुळे सर्वांत रंगीत आणि गजबजलेला भाग बहुधा पाच ते दहा मीटरमध्येच असतो.

“पोहता येत नाही, मग कसं जमते जी?” हा प्रश्न रोज येतो. पहिल्या अनुभव-डायव्हमध्ये प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो, त्यामुळे जमतं. तरीही निघण्याआधी महिनाभर मुलांना जलतरण तलावावर न्या आणि तोंड पाण्यात घालून शांतपणे श्वास सोडायचा सराव करवून घ्या. पाण्याखाली घाबरतो तो बहुधा खोलीमुळे नाही, नाक बंद झाल्यामुळे.

दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. डायव्हिंग केंद्रावर आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो, तो प्रामाणिकपणे भरा. सर्दी असेल त्या दिवशी डायव्ह नकोच. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि चोंदलेल्या नाकाने कानातला दाब बरोबर करता येत नाही. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि हे कान दुखायच्या आधी करायचं. दुसरा नियम तर मुलांकडून पाठच करून घ्या: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. चष्मा असेल तर नंबरच्या काचेचा मास्क आधीच सांगून ठेवता येतो.

केंद्राला काय विचारायचं

जाहिरातीतला फोटो कधीचा आहे हे कळायला मार्ग नसतो. म्हणून गेल्या महिन्यात त्याच जागी काढलेला व्हिडिओ मागा. त्यात काय पाहायचं? फांद्यांची, थाळीसारखी, गोलसर अशी वेगवेगळ्या घडणीची प्रवाळं, मधूनमधून तळहाताएवढी कोवळी वाढ, आणि शेवाळ खरवडून खाणारे पोपटमासे. फुलपाखरू-मासे जोडीने फिरताना दिसले तर फार चांगलं, कारण त्यांतल्या बऱ्याच जाती पॉलिपवरच जगतात. तळाशी तुटक्या फांद्यांचा खच आणि त्यावर हिरवा-तपकिरी थर दिसला तर दुसरी जागा विचारा.

बोट प्रवाळावर नांगर टाकते की कायमच्या तरंगत्या बोयाला बांधते, हा प्रश्न जरूर विचारा. एका प्रशिक्षकाकडे किती जण असतील, मुलांच्या मापाचं जॅकेट आणि मास्क आहे का, बोटीवर ऑक्सिजन आहे का, हेही. या प्रश्नांवर कंटाळणारं केंद्र आम्ही आमच्या ग्राहकांना देत नाही.

ताडोब्यात जिप्सीतून उतरायचं नाही हे आपल्या मुलांना सांगावं लागत नाही. प्रवाळाजवळही तेच: पाहायचं, हात लावायचा नाही. पायातल्या फिन्सचा एक फटका कित्येक वर्षांची वाढ मोडतो. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही बॅगेत घालू नका. सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळाला घातक ठरतात, आणि थायलंडने २०२१ पासून ती आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत बंद केली आहेत. मुलांना पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला, क्रीम कमी लागतं.

परतीचं विमान

डायव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एकच डायव्ह झाला असेल तर विमानाआधी किमान १२ तास आणि एकाहून अधिक झाले असतील तर किमान १८ तास जाऊ द्यावेत. म्हणून डायव्ह सहलीच्या सुरुवातीला किंवा मध्यावर ठेवा, शेवटचा दिवस किनाऱ्यासाठी. एखादं स्वस्त तिकीट यात बसत नसेल, तर आम्ही ते तिकीट काढून देत नाही.

भेटायला याल तेव्हा प्रत्येकाचं वय, शाळेच्या सुट्टीच्या तारखा, चष्म्याचे नंबर आणि चालू औषधांची नावं कागदावर लिहून आणा. मुलांनाही सोबत आणा. एक मास्क आणि स्नॉर्केल कार्यालयात ठेवलेला आहे, तो लावून पाहायला वेळ लागला तरी चालेल.